उशाशी ठेवलेली बंदूक



गेल्या अंकात आम्ही मुलांच्या हातातील मोबाईलविषयी लिहिले होते. या वेळचा विषय आम्ही शोधलेला नाही. तो आमच्याच घरात, दस्तरखानावर येऊन बसला.

डिसेंबरात आमचा भाचा अमेरिकेहून आला. लातूरच्या शिकवण्यांमधून निघून पुणे, हैदराबाद करत जी मुले परदेशी गेली, त्यांतलाच तो एक. बारा-तेरा वर्षांपासून टेक्सास राज्यात आहे आणि आता बायको-मुलासह तिथेच स्थायिक झाला आहे. आपाचा निरोप आला, तसे आम्हीही नांदेडहून लोहा-अहमदपूरमार्गे लातूर गाठले. चार दिवस घर भरलेले होते. शेतातून हुरडा आला, गंजगोलाईत बाजारहाट झाला, जुन्या आठवणी निघाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीतून वरात निघाली. घरासमोर येताच कुणीतरी फटाक्यांची लड लावली. गल्लीतली सगळी पोरे आरडाओरडा करत ओट्याकडे धावली. भाच्याचा सात वर्षांचा मुलगा मात्र उलटा घरात पळाला आणि दिवाणाखाली शिरला. दोन्ही हात डोक्यावर, तोंडातून आवाज नाही. आपा घाबरून त्याला बाहेर काढू लागली, तर तो कुजबुजला, "दादी, बोलू नका. त्याला ऐकू जाईल."

"कुणाला ऐकू जाईल रे?" आपाला काही उमजेना.

मग त्याच्या आईने सांगितले. तिकडे शाळेत मुलांकडून सराव करून घेतात. बंदूकधारी माणूस शाळेत शिरला तर काय करायचे, याचा सराव. दिवे घालवायचे, दाराला कडी लावायची, खिडकीपासून दूर कोपऱ्यात बसायचे आणि बाई 'झाले' म्हणेपर्यंत श्वासाचाही आवाज करायचा नाही. बालवाडीच्या वयापासून मुले हे शिकतात.

आमच्या डोळ्यांपुढे किल्लारी आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, त्यानंतर कितीतरी महिने लातूर-उस्मानाबादकडची मुले भांडे पडल्याच्या आवाजानेही बाहेर पळत. पण भूकंप माणूस आणत नाही. तो येण्याचा दिवस कुणाला ठाऊक नसतो आणि त्याला अडवणारा कायदा करता येत नाही. बंदूक माणूस बनवतो, माणूस विकतो, माणूस विकत घेतो. तरी तो एवढा मोठा, श्रीमंत देश आपल्या मुलांना बंदुकीपासून असे लपायला शिकवतो, जणू तोही एक भूकंपच आहे. बाहेरच्या जगाला अमेरिकेची हीच गोष्ट कळत नाही.

त्या रात्री जेवणानंतर भाचा सहज बोलून गेला, "अम्मी, आता आमच्या घरीही एक पिस्तूल आहे. बेडजवळच्या खणात ठेवतो."

आपाचा हात तिथेच थांबला. थोड्या वेळाने ती एवढेच बोलली, "घर में साँप पालके नींद कैसी आती रे तेरेकू?" मग आमच्याकडे वळून म्हणाली, "तू लिहितोस ना एवढे मासिकात? आता याला समजाव."

समजावण्याआधी समजून घ्यायला हवे, म्हणून आम्ही आधी त्याचे ऐकून घेतले.

भाचा म्हणाला, "मामू, मला हौस आहे असे तुम्हाला वाटते का? आमच्या मस्जिदीच्या दारात जुम्याला बंदूकधारी पहारेकरी उभा असतो. शेजारच्या कितीतरी घरांत बंदुका आहेत. पोलीस यायला वेळ लागतो. सगळ्यांच्या हातात आहे आणि माझ्याच नाही, असे कसे चालेल? आणि तिथे हा गुन्हा नाही, हक्क आहे."

हक्क आहे, हे खरेच. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली जी दुसरी दुरुस्ती झाली, तिच्यात नागरी सेनेची गरज सांगून लोकांचा शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला आहे. हा हक्क नागरी सेनेपुरता की प्रत्येक माणसाचा, यावर तिथे दोनशे वर्षे वाद चालला. २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घरात रक्षणासाठी पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने न्यूयॉर्कचा जुना कायदा रद्द केला आणि घराबाहेर शस्त्र नेण्याचा हक्कही मान्य केला. भाचा राहतो त्या टेक्सासमध्ये तर १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने मनाई नसलेल्या २१ वर्षांवरील माणसाला परवाना न काढताही पिस्तूल बाळगून फिरता येते. नोकरीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला सहसा बंदूक घेता येत नाही, पण ग्रीन कार्ड मिळाले की घेता येते. भाच्याला ग्रीन कार्ड मिळाले आणि वर्षभरात पिस्तूलही आले.

शस्त्रांची मोजदाद करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार अमेरिकेत सामान्य नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी बंदुका आहेत. म्हणजे शंभर माणसांमागे १२०. आपल्या देशात हेच प्रमाण शंभरामागे पाचच्या आसपास आहे. २०२२ या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४८ हजार माणसे मेली, म्हणजे रोज सरासरी १३० च्या वर. २०२० पासून तिथल्या लहान मुलांच्या आणि किशोरांच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक आहे. आजार नाही, रस्त्यावरचा अपघातही नाही.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. बंदुकीने मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसांनी स्वतःवरच गोळी झाडली होती. चोर यायचा होता म्हणून बंदूक घेतली. चोर आला नाही. पण नोकरी गेली, घरात भांडण झाले, तरुण मुलाचे मन खचले, आणि त्या रात्री उशाशी बंदूक होती. दुःखाची वेळ टळून जाते, माणूस सावरतो. बंदूक त्याला सावरायला वेळ देत नाही.

हे भाच्याला सांगितले तेव्हा तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण मामू, सगळे अमेरिकन वेडे नाहीत." हेही खरे आहे. तिथे साधारण तीन प्रौढांपैकी एकाकडेच स्वतःची बंदूक आहे, बाकीच्यांकडे नाही. खेड्यापाड्यात घरे लांब-लांब असतात, शिकारीची जुनी चाल आहे, पोलीस ठाणे कितीतरी मैलांवर असते. आणि बंदुकीविरुद्ध सर्वांत मोठा आवाजही तिथल्याच आईबापांचा आहे. मूल खेळायला दुसऱ्याच्या घरी पाठवण्याआधी 'तुमच्या घरात बंदूक आहे का आणि ती कुलपात आहे का' असे विचारा, ही मोहीम तिथे अनेक वर्षे चालू आहे. आपण परक्या देशाकडे पाहताना त्याचे वाईट तेवढेच मोजू नये.

तरीही परक्या माणसाला तिथे काय भोगावे लागते, याचे दोन प्रसंग सांगतो.

१७ ऑक्टोबर १९९२. योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी अमेरिकेत लुइझियाना राज्यात शिकायला आला होता. एका मेजवानीला निघालेला हा मुलगा चुकून दुसऱ्याच घरी गेला. घरमालक बंदूक घेऊन बाहेर आला आणि 'थांब' म्हणून ओरडला. मुलाला त्या शब्दाचा अर्थ कळला नसावा. तो हसत पुढे झाला आणि गोळी लागून मेला. फौजदारी खटल्यात पंचांनी घरमालकाला निर्दोष सोडले. जपानमध्ये सामान्य माणसाला पिस्तूल बाळगताच येत नाही. तिथल्या लोकांना हे समजेना की पत्ता चुकलेल्या मुलाला मारणे गुन्हा कसा नाही. त्या मुलाच्या आईबापांनी सूडाची भाषा केली नाही. त्यांनी अमेरिकेतील घराघरांतून बंदुका जाव्यात म्हणून सतरा लाखांवर सह्या गोळा केल्या आणि त्या घेऊन ते राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना भेटले.

दुसरा प्रसंग आपल्या जवळचा. २२ फेब्रुवारी २०१७ ला कॅन्सस राज्यात हैदराबादचा एक तरुण अभियंता मित्रासोबत बसला होता. एका माणसाने त्यांना इराणी समजून 'माझ्या देशातून चालते व्हा' म्हणत गोळ्या झाडल्या. तो तरुण हिंदू होता. मारणाऱ्याला धर्मही ठाऊक नव्हता आणि देशही. त्याला अडवायला धावलेल्या एका निःशस्त्र अमेरिकन तरुणाने स्वतः गोळी झेलली. बंदूक हातात असलेला अमेरिकन आणि मोकळ्या हाताने धावलेला अमेरिकन, दोघे एकाच ठिकाणी होते.

"पण मस्जिदीचे काय?" भाच्याने विचारले. त्याच्या मनात क्राइस्टचर्च होते. १५ मार्च २०१९ च्या जुम्याला न्यूझीलंडमधील दोन मस्जिदींत ५१ नमाजी शहीद झाले. त्यांत आपल्या हैदराबादचे आणि गुजरातचेही लोक होते. मारणाऱ्याकडे शस्त्राचा परवाना होता. दुकानातून, कायद्याने, त्याने ती शस्त्रे घेतली होती. दुसऱ्या मस्जिदीत एका नमाज्याने हातात येईल ती वस्तू फेकत त्याला हुसकावले. त्याच्याकडे बंदूक नव्हती.

त्यानंतर न्यूझीलंडने जे केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. महिनाही झाला नव्हता, १० एप्रिलला तिथल्या संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी सैन्याच्या धर्तीच्या बंदुकांवर बंदी घातली. सरकारने पैसे देऊन पन्नास हजारांहून जास्त बंदुका लोकांकडून परत घेतल्या. आणि पुढच्याच जुम्याला हजारो बिगर-मुस्लिम शेजारी मस्जिदींभोवती हात धरून उभे राहिले. ऑस्ट्रेलियानेही १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेल्यावर असेच केले होते. ब्रिटनने त्याच वर्षी डनब्लेनच्या शाळेत १६ चिमुकली मुले आणि त्यांच्या शिक्षिका गेल्यावर खाजगी पिस्तुलांवर बंदी घातली. अमेरिकेत मात्र टेक्सासच्याच युव्हाल्डी गावी २४ मे २०२२ ला शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. मारणारा अठरा वर्षांचा होता आणि बंदुका त्याने दुकानातून रीतसर घेतल्या होत्या. शेकडो हत्यारबंद पोलीस तिथे पोहोचले आणि तासाभराहून जास्त वेळ वर्गाबाहेर थांबून राहिले. बंदूकवाल्यापासून बंदूकवालाच वाचवतो, असे जे सांगितले जाते, ते त्या दिवशी खरे ठरले नाही.

इतके झाल्यावर भाच्याने आपला शेवटचा आणि सर्वांत जड प्रश्न काढला. "मामू, अमेरिका सोडा. १९४८ साली आपल्या लोकांच्या हातात काही असते तर?"

मराठवाड्यातल्या मुस्लिम घरात हा प्रश्न निघाला की बसलेली माणसे खाली पाहतात. आमच्याकडेही तेच झाले. पण हा प्रश्न टाळून बंदुकीवर लिहिणे म्हणजे वाचकांना फसवणे होईल.

त्या वेळी शस्त्रे नव्हती असे नाही. रझाकारांच्या हातात होती. त्यांचा पुढारी कासिम रझवी हा याच लातुरात वकिली करत होता. 'आम्ही कौमचे रक्षण करतो' असे ते म्हणत. त्यांच्या बंदुकांनी गावोगावच्या हिंदू रयतेवर जुलूम केला, आणि त्यांच्याविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनाही ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार केले गेले. १३ सप्टेंबरला पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला संपली. रझाकार पांगले, रझवी पकडला गेला. मागे उरले ते शेतकरी, विणकर, बाया आणि मुले. रक्षकांच्या बंदुकीची किंमत त्यांनी मोजली.

केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने सावध अंदाजाने २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचे लिहिले. सर्वांत जास्त हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा आणि नांदेड ही नावे आहेत. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबाद आणि बीदर यांत विभागलेला होता. समितीने हेही नोंदले की मुस्लिमांची शस्त्रे काढून घेतली गेली आणि हिंदूंकडची अनेकदा तशीच राहू दिली. हा अहवाल कितीतरी दशके प्रसिद्ध झाला नाही.

म्हणून भाच्याला आम्ही म्हणालो, "बेटा, त्या वेळी दोन गुन्हे झाले. पहिला, काही लोकांनी कौमच्या नावावर खाजगी शस्त्रे उचलली. दुसरा, राज्याने शस्त्रांचा नियम सगळ्यांना सारखा लावला नाही. यांतल्या कुठल्याही गुन्ह्यावर घरोघरी बंदूक हा इलाज नाही. ज्यांच्या संख्येपुढे आपली संख्या पाच होती, त्यांच्याही घरोघरी बंदूक असती, तर किती वाचले असते?"

मग कोण वाचले? त्याच अहवालात लिहिले आहे की काही ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुस्लिमांना वाचवले, विशेषतः विणकरांनी विणकरांना. आमच्या घरातही हीच गोष्ट सांगितली जाते. औशाकडच्या एका गावात आमच्या नानीला आणि तिच्या दोन मुलींना गावच्या पाटलीणबाईंनी कडब्याच्या गंजीमागे आठ दिवस ठेवले. भाकरी त्या स्वतः नेऊन देत. त्या दोन मुलींपैकी एक आमची अम्मी. पाटलीणबाईंच्या घरात बंदूक होती की नाही, हे नानीने कधी सांगितले नाही. भाकरीचे मात्र शेवटपर्यंत सांगत राहिली.

आता आपल्या कायद्याकडे येऊ, कारण आपली मुले त्याच्याखाली राहतात.

इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा करून हिंदी माणसाच्या हातातले हत्यार काढून घेतले. गांधीजींसारख्या अहिंसावादी नेत्यानेही त्या कायद्यावर कडक टीका केली होती. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. मग संविधान सभेत, १९४८ च्या डिसेंबरात, ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मानली नाही. असा हक्क सरसकट सर्वांना देता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. फाळणी आणि पोलीस ॲक्शन यांच्या जखमा तेव्हा ओल्या होत्या. अमेरिकेचा आणि आपला रस्ता इथे वेगळा झाला. तिथे बंदूक हक्क आहे. इथे ती परवानगी आहे आणि परवानगी परत घेता येते.

१९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे नांदेड-लातूरसारख्या जिल्ह्यांत परवाना जिल्हाधिकारी देतात. वय २१ पूर्ण लागते, पोलिसांचा अहवाल लागतो, प्रकृतीचा दाखला लागतो, आणि जिवाला धोका आहे किंवा पिकाची राखण करायची आहे असे काही कारण द्यावे लागते. डुकरांपासून पीक राखायला ठासणीची बंदूक मागणारे शेतकरी आपल्या भागात पूर्वीपासून आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. परवाना पाच वर्षांचा असतो. निवडणूक आली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघतो. लग्नात, मिरवणुकीत आनंदाने हवेत गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. विनापरवाना शस्त्र बनवणे आणि विकणे याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

कायदा चांगला असला म्हणजे सगळे ठीक, असे मात्र नाही. ५ एप्रिल २०२२ ला नांदेडात एका बांधकाम व्यावसायिकाला त्याच्या घरासमोर दिवसाढवळ्या गोळ्या घालून मारले. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या शहरातले व्यापारी संध्याकाळी लवकर दुकान बंद करत. त्यांतल्या काहींनी आम्हाला विचारले, परवाना काढावा का? आम्ही म्हणालो, धोका खरा असेल तर अर्ज करा, पोलिसांना लेखी कळवा, नाकारला तर कारण लेखी मागा, विभागीय आयुक्तांकडे अपील करा. तो तुमचा अधिकार आहे. पण हेही पाहा की मारणारे मोटारसायकलवरून येतात आणि दोन मिनिटांत जातात. तेवढ्या वेळात खिशातले पिस्तूल काढून नेम धरणे सिनेमात जमते.

शेजारच्या बीडमध्ये काय झाले तेही आपण पाहिले. केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची ९ डिसेंबर २०२४ ला अमानुष हत्या झाली. ती बंदुकीने झाली नव्हती. पण त्यानंतर जिल्ह्यातील दहशतीची चर्चा निघाली आणि एकट्या बीडमध्ये बाराशेच्या वर शस्त्र परवाने असल्याचे समोर आले. कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांचे, हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ लोकांनी पाहिले. मग प्रशासनाने परवाने तपासायला आणि रद्द करायला सुरुवात केली. रक्षणासाठी दिलेला कागद मिरवण्याचा दागिना झाला की सामान्य माणसाच्या मनात काय भीती बसते, हे पाहायला अमेरिकेला जावे लागत नाही.

आणि ज्यांना परवाना मिळत नाही त्यांच्यासाठी गावठी कट्टा आहे. मध्य प्रदेशच्या सीमेवरील उमर्टीसारख्या गावांतून येणारी ही हत्यारे मराठवाड्यातील पोरांच्या हातात सापडतात. कुणी रीलसाठी हातात धरतो, कुणी वाढदिवसाला तलवारीने केक कापतो. आयांनो, तुमचा मुलगा गुन्हेगार नसेल. पण तो फोटो पोलिसांकडे पोहोचला की त्याची पोलीस भरती गेली, पासपोर्ट अडला, वकिलाच्या फीमध्ये घरातले सोने गेले. आणि आपल्या मुलाच्या बाबतीत कुणी 'पोरवय आहे, सोडून द्या' म्हणेल, या भरवशावर राहू नका. मुलाचा मोबाईल पाहताना गाणी कोणती ऐकतो ते पाहू नका. हातात काय धरून फोटो काढतो, ते पाहा.

आपल्या दीनमध्ये शस्त्राची बंदी नाही, पण शस्त्राचा अदब आहे. नांदेडकरांना ही गोष्ट सांगावी लागत नाही. हुजूर साहिबच्या नगरीत कृपाण रोज दिसते. आपल्या संविधानाने शीख बांधवांना ती धारण करण्याचा अधिकार दिला आहे, आणि ती त्यांच्या शिस्तीला, शपथेला बांधलेली आहे. आपल्याकडेही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अशीच काटेकोर आहे. मस्जिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हाताने धरून ठेवावीत, कुणाला ओरखडाही उठू नये, असे त्यांनी सांगितले. म्यानातून काढलेली तलवार दुसऱ्याच्या हातात देण्यास मनाई केली. आपल्या भावाकडे चेष्टेतही हत्यार रोखू नये, कारण सैतान कधी हात हलवील याचा नेम नाही, असे बजावले. बंदुकीच्या कितीतरी शतके आधी सांगितलेल्या या गोष्टी आहेत. त्यांत बाजूने चालणाऱ्या माणसाच्या जिवाची काळजी आहे, आणि हत्यार धरणाऱ्याच्या मनाचीही.

त्या रात्री दस्तरखान उचलेपर्यंत भाच्याने काही कबूल केले नाही. तो जायच्या दिवशी आपाने त्याला एकच विचारले, "बेटा, तुझा मुलगा फटाक्याच्या आवाजाने दिवाणाखाली शिरतो. त्याला माहीत आहे का, त्याच्या बापाच्या खणात काय आहे?"

भाच्याने मान हलवली. त्याला माहीत नव्हते.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. पिस्तूल आता खणात नाही, लोखंडी पेटीत कुलपात आहे. काडतुसे दुसऱ्या खोलीत वेगळी ठेवली आहेत. विकून टाकावे का, यावर बायकोशी बोलणे चालू आहे. मस्जिदीच्या कमिटीत त्याने सुचवले की पहारेकऱ्यासोबतच आसपासच्या लोकांना जुम्याला चहाला बोलवावे, ओळखदेख वाढवावी. पहिल्या वेळी चार जण आले.

आपा यावर खूश नाही. "कुलपात आहे, पण घरात आहे ना," असे ती म्हणते. तिचे खरे आहे. पण भीती एका दिवसात घरात शिरत नाही आणि एका दिवसात जातही नाही. मुलाने पेटीला कुलूप लावले, हे आम्ही पहिले पाऊल समजतो.

तुमच्या घरातील कुणी परदेशी असेल तर त्याला हा प्रश्न जरूर विचारा: घरात हत्यार आहे का, असेल तर कुठे आहे, आणि मुलांचा हात तिथे पोहोचतो का? रागावून विचारू नका. तो तिकडे एकटा आहे आणि त्याची भीती खोटी नाही. इकडे, आपल्या गल्लीत, एक गोष्ट करता येईल. ईदला मुलांना टिकलीची पिस्तुले घेऊन देण्याऐवजी दुसरे काही द्या, आणि शीरखुर्म्याची वाटी पलीकडच्या घरी त्यांच्याच हाताने पाठवा. वेळ आली तर कामी तीच ओळख येईल.

अल्लाह आपल्या मुलांना, इथल्या आणि दूरदेशीच्या, सुखरूप ठेवो आणि त्यांच्या मनातली भीती दूर करो. आमीन.